नमिराची नसलेली ओढणी

फिझाची मान पहिल्यांदा उडाली ती जेवताना. डावीकडे एक हिसका, उजव्या हाताची छातीवर थाप आणि तोंडातून ‘टॉक!’ असा आवाज. आसियाला वाटलं, मासा खाताना पोरीला काटा लागला, म्हणून तिने कोऱ्या भाताचा गोळा पुढे केला. फिझाने तो गिळला आणि लगेच पुन्हा ‘टॉक!’ चौथ्या खेपेला आसियाने आपलं ताट बाजूला सारलं.

फिझाचा बाप झाकीर मात्र शांत होता. चौक गावात जुन्या हायवेवर त्याचं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान. जगातला कुठलाही बिघाड एक सुटा भाग बदलला की जातो, असा त्याचा वीस वर्षांचा विश्वास.

“मानेची शीर आखडली असंल,” तो म्हणाला. “अकरावीचं दप्तर काय कमी जड असतं? तेल चोळ.”

आसियाने तेल चोळलं. पण तिच्या डोक्यात शीर नव्हती, अब्रार होता. अब्रार तिचा थोरला भाऊ. त्याला मिरगी होती. एकोणिसाव्या वर्षी तो कडावला नदीवर अंघोळीला गेला, तिथे झटका आला आणि गुडघाभर पाण्यात पोर बुडून गेलं. त्यानंतर त्या घरात अब्रारचं नाव निघालं नाही. फोटो पेटीच्या तळाशी गेला. बावीस वर्षं आसिया तोंड मिटून होती आणि आता फिझाची मान उडत होती. आपल्या माहेरचं रक्त आपणच पोरीला दिलं, याखेरीज तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

चार दिवसांत आळीभर झालं. बघायला माणसं येऊ लागली, कारण आजाऱ्याला बघायला जाणं ही आपल्याकडे माणुसकी, मग आजाऱ्याला ती झेपो न झेपो. दूध घालणारी सोनुबाई तर चरवी खाली ठेवून समोरच बसली. “कशी करते गं पोर? बघू तरी,” म्हणाली. फिझाने एकदा केलं. सोनुबाई “अगं बाई!” म्हणाली, तशी फिझाने लागोपाठ पाच वेळा केलं. “नजर लागलीय गं, दुसरं काय नाय,” असा निकाल देऊन सोनुबाई पुढच्या घरी गेली.

गावच्या डॉक्टरांनी कर्जतच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे चिठ्ठी दिली. नंबर दहा दिवसांनी लागणार होता. तोवर झटका येताना व्हिडिओ काढून ठेवा, असं त्यांनी बजावलं. आसियाने काढला. फिझा नुकतीच नमाज आटपून उठली होती. मान उडाली की डोक्यावरची ओढणी घसरायची आणि फिझा डाव्या हाताने ती सावरून घ्यायची. मान, थाप, टॉक, ओढणी. अडतीस सेकंदांत चार वेळा.

आणि मग आसियाने ती चूक केली, जी आपल्यापैकी कुणीही केली असती. फॅमिलीच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, ‘माझ्या फिझासाठी दुआ करा.’ डॉक्टरसाठी काढलेला व्हिडिओ डॉक्टरच्या आधी एकेचाळीस नातेवाइकांनी पाहिला. दुआ आल्या, काढे आले, दोन दर्ग्यांचे पत्ते आले. आसियाला तेवढंच बरं वाटलं.

नंबराला तीन दिवस उरले असताना तिच्या धाकट्या भावाचा, तौकीरचा फोन आला. तो मोहोपाड्याला कंपनीच्या कॉलनीत राहायचा.

“आपा, नमिराला पण तेच होतंय. कालपासून. मला वाटतं, हवेतनं काय तरी आलंय.”

“चौकला कुठली आलीय तुमच्या कंपनीची हवा?” आसिया म्हणाली आणि तिने फोन ठेवला. एका घरात आजार आला असता तर ती स्वतःची समजूत घालू शकली असती. दोन्ही भावंडांच्या घरात आला, म्हणजे रक्तच. अब्रार जाता जाता दोन्ही पोरींवर काय ठेवून गेला, असं मनात आलं आणि मेलेल्या भावाबद्दल असं मनात आलं म्हणून ती आणखी रडली.

तशीच रिक्षा पकडून ती मोहोपाड्याला गेली. तौकीरची नमिरा चौदा वर्षांची. टीशर्ट घालून खाटेवर बसली होती, आईबाप दोन बाजूंना पहाऱ्याला. आत्याला बघताच तिची मान डावीकडे उडाली. छातीवर थाप. टॉक. आणि मग तिचा डावा हात डोक्याकडे गेला, तिथे नसलेलं काहीतरी चिमटीत धरून त्याने पुढे ओढलं आणि खांद्यावर टाकलं.

आसिया रडायची थांबली.

पुन्हा झटका आला. मान, थाप, टॉक आणि पुन्हा तो हात.

“काय गं ओढतेस?”

“कुठं काय, फुपी?” नमिरा म्हणाली. तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या वेळेला आसियाने डोळे बारीक करून पाहिलं. ओढणी! पोरीच्या डोक्यावर ओढणी नव्हती, पण ती सावरत होती अगदी फिझासारखीच.

“नमिरा, खरं सांग. मी टाकलेला तो व्हिडिओ किती वेळा बघितलास?”

नमिराचे डोळे भरले. “खूप. रोज. फिझाआपाला काय झालं म्हणून बघायचे. मग वाटायचं, मला पण होईल. आणि मग झालं गं फुपी. मी मुद्दाम नाय करत.”

“नाय करत, माहीत हाय मला,” आसियाने तिला पोटाशी धरलं. तिला मोठ्याने हसावंसं वाटत होतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसंही वाटत होतं. आजार रक्तातून उतरेल, पण घसरलेली ओढणी कुठल्या रक्तातून उतरते? हे तिच्या फोनमधून उतरलं होतं. आणि नमिराकडे असं आलं, तर मग फिझाकडे कुठून आलं?

कर्जतच्या डॉक्टर हर्षला यांनी तपासण्या केल्या, मेंदूचा आलेख काढला आणि मग आसियाची ओढणीची हकीकत खुर्चीत पुढे सरकून ऐकली.

“मिरगी नाही,” त्या म्हणाल्या. “मेंदू ठणठणीत आहे. नमिरालाही घेऊन या, पण ओढणीवरून अर्धं निदान तुम्हीच केलंत.”

आसियाचा जीव भांड्यात पडला. झाकीरचा मात्र पारा चढला. “म्हणजे नाटक करते ही? आमी इकडं मरतोय आणि…”

“जांभई देणाऱ्याकडे बघून तुम्हाला जांभई येते, ते नाटक असतं का?” डॉक्टरांनी विचारलं. “घाबरलेलं शरीर बघून बघून शिकतं. पोरीला खरंच होतंय आणि खरंच जाईल. असले व्हिडिओ बघणं बंद. घरात कुणी टक लावून बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. दर पंधरा दिवसांनी माझ्याशी गप्पा मारायला यायचं.”

बदलण्यासारखा एकही भाग नाही म्हटल्यावर झाकीर गाडी आणायला गेला. मायलेकी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसल्या. आसियाने ग्रुपवरून व्हिडिओ काढून टाकला. ज्यांनी उतरवून घेतला असेल त्यांनी पुसा, नाहीतर माझ्याशी गाठ आहे, असंही लिहिलं.

“अम्मी,” फिझा हळूच म्हणाली, “अब्रार मामूला असंच व्हायचं का?”

आसियाच्या हातातला फोन तसाच राहिला. “तुला कोणी सांगितलं?”

“कोणीच नाय सांगत, तेच तर. ईदला नानी म्हणाली, ही हसते अगदी अब्रारसारखी, आणि तुमी सगळे गप झालात. मी तौकीर मामूला विचारलं. तो म्हणाला, मिरगी होती, अम्मीसमोर बोलू नको. म्हणून मी मोबाईलवर शोधलं, मामूची मिरगी भाचीला होते का. मग व्हिडिओत एक पोरगी आली मान उडवणारी. मग दुसरी. मग दिवसभर त्याच यायला लागल्या. मला वाटलं, आता माझी पाळी.”

“मग मला का नाय विचारलंस, गं?”

“तू रडली असतीस.”

आसिया खरंच रडली. बावीस वर्षं दार लावून ठेवलं ते पोरीला वारं लागू नये म्हणून, आणि पोर बाहेर एकटीच उभी होती. तिने पदराने तोंड पुसलं.

“तुझा मामू ना, फार चावट होता,” ती म्हणाली. “सायकलचे दोन्ही हात सोडून गावातनं जायचा आणि वर आमच्या मास्तरांना सलाम ठोकायचा. एकदा तसाच शेणाच्या खड्ड्यात गेला. आठ दिवस कोणी जवळ बसवलं नाय त्याला.”

फिझा हसली. तिची मान उडाली. आसियाने पाहिलं न पाहिलंसं केलं आणि पुढे सांगत राहिली. समोर झाकीरने गाडी आणून दोनदा हॉर्न वाजवला. आसियाने त्याला हाताने थांबायची खूण केली.