पळसटेपची गाडी

लडकू तरे पहिल्यांदा निधीच्या कार्यालयात आला तेव्हा माघ संपत आला होता. कर्जत स्टेशनच्या पूर्वेला, औषधाच्या दुकानावर दोन खोल्या, तेच कार्यालय. नाव मोठं होतं, 'उल्हास-पाताळगंगा लोकनिधी', पण सगळे नुसतं निधी म्हणायचे. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतल्याच माणसांनी द्यायचं आणि इथल्याच गरजांवर ते खर्च करायचं, एवढं साधं काम. देणारा आणि गरजवंत यांची गाठ घालून देणं प्राची लाड हिच्याकडे होतं. बँकेची नोकरी सोडून ती सात वर्षांपूर्वी इथं आली होती.

लडकूनं पिशवीतून बायकोचा फोटो काढला आणि टेबलावर ठेवला.

"ही सुंदरा. हिच्या नावानं गाडी द्याची हाय. पेशंटची. दोनी बाजूला नाव पायजे, मोठ्या अक्षरात."

लडकू शेलूचा. सत्तरीला टेकलेला, पण अंग अजून नांगर धरणाऱ्याचं. भाताची जमीन होती, ती विकली, तिथं आता सात मजल्यांची सोसायटी होती. पैशाला तोटा नव्हता.

"काय झालं होतं काकींना?" प्राचीनं विचारलं.

त्यानं सावकाश सांगितलं. शेत गेल्यापासून सुंदराच्या हातांना चैन पडत नसे. म्हणून दरवर्षी कापणीला ती माहेरी जायची, भावाच्या शेतावर. गेल्या कार्तिकात अशीच गेली. सकाळी नऊच्या सुमाराला भाताचा भारा उचलायला वाकली आणि खालून नाग चावला. भावानं तिला बांधावर आणलं. गावातला एकुलता एक टेंपो भाजी घेऊन चौक गावच्या बाजाराला गेला होता. दोघा पोरांनी तिला मोटरसायकलवर मध्ये बसवलं, तर तिची मान उभी राहीना. पाऊण तासानं टेंपो परत आला. दवाखाना वीस मिनिटांवर राहिला असताना तिचा श्वास थांबला.

"डॉक्टर बोलला, अर्धा तास आधी आनली असती तर लस देऊन वाचली असती. म्हनून गाडी. दुसऱ्या कोनाची बायको अशी जाया नको."

"माहेर कुठलं त्यांचं?"

"पळसटेप. खालापुराच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याला."

प्राची लिहिता लिहिता थांबली. मग तिनं कागद पालथा घातला आणि म्हणाली, "काका, मला चार दिवस द्या. विचार करून सांगते."

पळसटेपला गाडी होती. तीन वर्षांपूर्वी एका कंत्राटदारानं आपल्या आईच्या नावानं ती निधीमार्फत दिली होती. आरोग्य उपकेंद्राच्या आवारात मंडप घालून, नारळ फोडून प्राचीनंच तो कार्यक्रम केला होता. चालकाचा पगार आणि डिझेल एक वर्ष कंत्राटदार देणार, पुढचं निधीनं बघायचं, असं ठरलं होतं. दुसरं वर्ष कसंबसं निघालं. तिसऱ्या वर्षी प्राची अकरा जणांकडे जाऊन आली. कुणाला शाळेची खोली बांधून द्यायची होती, कुणाला पाण्याची टाकी, एकाला आणखी एक गाडी. चालकाच्या पगाराला कुणी हो म्हणेना. पोपट वाघमारे नावाचा चालक होता, त्यानं दोन महिने पगाराविना गाडी चालवली आणि मग मोहोपाड्याच्या एका कारखान्यात बसवर लागला. दसऱ्याला गाडी शेडमध्ये लागली. सुंदरा त्यानंतर तीन आठवड्यांनी गेली.

निधीचे अध्यक्ष साईनाथ गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक होते. प्राचीनं त्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ चष्म्याची काडी चावत बसले.

"त्यांना माहीत नाही ना हे?"

"नाही. त्यांच्या मेव्हण्यालाही वाटलं असेल की गाडी बिघडलीय म्हणून उभी आहे."

"मग नवी गाडी घेऊन टाकू. दुसऱ्या वाडीला देऊ. चालकाचं वर्षभराचं त्यांच्याकडूनच घेऊ. जुनं उकरून त्या माणसाला काय मिळणार आहे, प्राची? दुःखच ना?"

"आणि वर्षानंतर, गुरुजी?"

गुरुजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. ते वाईट माणूस नव्हते. निधीचं नाव गेलं तर उद्या कुणी दारात उभं करणार नाही, याची त्यांना धास्ती होती, आणि ती खोटीही नव्हती.

चौथ्या दिवशी प्राचीनं लडकूला फोन केला. "काका, गाडी द्यायच्या आधी एक जागा बघायला याल का? पळसटेपलाच जायचंय."

जीपमधून उतरल्यावर तिनं त्याला थेट उपकेंद्राच्या मागच्या शेडपाशी नेलं. पत्र्याखाली गाडी उभी होती. पुढचे दोन्ही टायर बसलेले, काचेवर धुळीचा थर, टपावर कुणीतरी पेंढा वाळत टाकलेला. बाजूला निळ्या अक्षरांत कंत्राटदाराच्या आईचं नाव होतं.

"ही कोनाची?"

"आम्हीच आणली. निधीनं. तीन वर्षं झाली."

"बिघडलीय?"

"नाही. चालक नाही."

लडकूनं गाडीला एक फेरी मारली. शेडच्या कोपऱ्यावरून खालची शेतं दिसत होती. कापणी होऊन गेलेली, नुसते धसकटांचे तुकडे. तिसऱ्या खाचराच्या बांधावर एक ऐनाचं झाड होतं. त्याच झाडाखाली सुंदराला आणून ठेवलं होतं, हे त्याला मेव्हण्यानं दाखवलं होतं.

"कवापासून उभी हाय?"

"दसऱ्यापासून."

तो खाचरांकडे वळला. मग त्यानं हात लांब करून झाडाकडे दाखवलं. "ती थितं पडली व्हती. तवा ही हितं व्हती?"

"हो, काका."

"हाक मारली तर ऐकू येल एवढ्यावर."

"हो."

"चालक का नवता?"

"पगाराला पैसे जमले नाहीत. जमवायचं काम माझं होतं. मी अकरा घरी गेले आणि मग थांबले. बारावं घर शोधलं नाही. गावातही कुणाला नीट सांगितलं नाही की गाडी चालू आहे, फक्त माणूस हवाय. गावात गाडी चालवणारा कुणी ना कुणी निघाला असता."

लडकू शेडच्या कट्ट्यावर बसला. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. उपकेंद्रातली नर्स दारात आली, दोघांकडे बघून आत गेली.

"हे मला सांगितलं नसतं तरी चाललं असतं तुमाला," तो म्हणाला. "मी गाडी देऊन गेलो असतो. पाया पडलो असतो तुमच्या."

"चाललं असतं. पण तुमची गाडीही दोन वर्षांनी अशाच एखाद्या शेडमध्ये उभी राहिली असती. काकींचं नाव घेऊन."

तो उठला. "जीप घेऊन जा तुमी. मी मेव्हन्याकडं जातो," एवढं म्हणून तो बांधाबांधानं खाली उतरला. प्राची तो दिसेनासा होईपर्यंत उभी राहिली. परतताना चौकच्या अलीकडे तिनं जीप बाजूला घ्यायला सांगितली आणि तोंडावर पाणी मारलं.

दीड महिना लडकूचा फोन आला नाही. प्राचीनंही केला नाही. गुरुजींनी एकदाच विषय काढला. "गेला तो माणूस हातातून," म्हणाले, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून दुसरं बोलू लागले. प्राचीनं नोकरी सोडायचा अर्ज लिहून ठेवला होता. तो खणात होता.

लडकू त्या दिवसांत काय करत होता, ते पुढे पोपट वाघमारेनं सांगितलं. एका दुपारी पाळी सुटायच्या वेळेला लडकू मोहोपाड्याच्या त्या कारखान्याच्या फाटकापाशी उभा होता. मेव्हण्याकडून नाव घेऊन, कुणाकुणाला विचारत त्यानं पोपटला गाठलं. दोघं चहाच्या टपरीवर बसले.

"तू दोन महिनं फुकट चालवलीस, खरं काय?"

"खरं हाय."

"का?"

"बाया अडतात, बाबा. निरोप आला का पाय निघायचेच. पन घरी पोरं हायत. दुकानवाला उधार तरी किती देनार?"

"परत येशील?"

पोपटनं ग्लास खाली ठेवला. "दर महिन्याला पगार येनार असंल तर उद्या येतो. एक वरीस नको. एक वर्साचं लय जन देतात."

मग पोपट आपण होऊन म्हणाला, "तुमच्या मंडळींचं मला कळलं व्हतं. मी त्या दिवशी पाळीवर व्हतो. घरी येऊन जेवलो नाय." लडकूनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

चैत्रात लडकू पुन्हा निधीचा जिना चढून वर आला. या वेळी फोटो आणला नव्हता. गुरुजीही बसलेले होते.

"गाडीचे पैसे तसेच हायत," तो म्हणाला. "गाडी घेऊ नका. त्याची ठेव करा. मुद्दल कोनी हलवाचं नाय, मी बी नाय. त्याच्या याजात पोपटचा पगार, डिझेल, टायर. जवर गाडी हाय तवर. ती मेली तर दुसरीला."

गुरुजींनी विचारलं, "आणि नाव कुठं लावू या, तरेशेठ?"

"पगारावर कुठं लावनार नाव?" लडकू म्हणाला. मग प्राचीकडे वळला. "बाय, एक सांगतो. तुमच्यावरचा राग गेला नाय माजा. जाईल का नाय म्हाईत नाय. पन तुमी खरं बोललात, म्हनून काम तुमीच करा."

प्राचीनं मान हलवली. खणातला अर्ज तिनं त्या संध्याकाळी फाडला.

आठ दिवसांत गाडीचे टायर बदलले आणि पोपट पळसटेपला राहायला आला. पहिल्या महिन्यात त्यानं नऊ पेशंट नेले. त्यातली एक बाळंतीण होती, तिचं मूल वाटेत गेलं, बाई वाचली. पण एकटा माणूस रात्रंदिवस पुरत नव्हता. दुसरा चालक हवा होता, आणि ठेवीचं व्याज एकालाच पुरत होतं.

"आता बारावं घर," प्राची म्हणाली. "मी यादी करतेय."

"थांबा," लडकू म्हणाला. "एक जागा मला म्हाईत हाय. थितं मी मागतो."

आयुष्यात त्यानं कुणाकडे काही मागितलं नव्हतं. रविवारी सकाळी तो शेलूच्या त्या सोसायटीच्या सभेत गेला. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. चिटणीस रिया नावाची मुलगी होती, मुंबईत नोकरी करणारी. तिनं पाणीपट्टीचे आणि लिफ्टचे विषय संपवले आणि म्हणाली, "या काकांना पाच मिनिटं हवी आहेत."

लडकू उभा राहिला.

"तुमी बसलात थितं आमचं खाचर व्हतं," तो म्हणाला. "हितं माजी बायको चाळीस वर्सं लावनी करायची. जमीन मी विकली, तुमचा काय दोस नाय. तुमी पैसं मोजून घर घेतलंत." मग त्यानं पळसटेपचं सगळं सांगितलं. नाग, टेंपो, शेडमधली गाडी. काही झाकलं नाही आणि काही वाढवलं नाही. "एका घरानं महिन्याला एका सिनेमाच्या तिकिटाएवढं दिलं तर दुसरा डायवर ठेवता येल."

मागून एक गृहस्थ म्हणाले, "ती गाडी आम्हाला लागली तर इकडे येईल का?"

"नाय," लडकू म्हणाला. "तुमाला दवाखान्याला नेरळ हाय, बदलापूर हाय, खाली रिक्षा उभ्या असतात. ती तिकडचीच."

चार-पाच जण उठून गेले. बाकीचे बसून राहिले. मग रियानं वहीचं कोरं पान उघडलं, वर आपल्या घराचा क्रमांक लिहिला आणि वही शेजारच्या बाईंकडे दिली. वही खुर्च्यांमधून फिरत राहिली. लडकू भिंतीला टेकून उभा होता. कुणीतरी खुर्ची पुढे केली, तरी तो बसला नाही.

दुपारी त्यानं प्राचीला फोन केला.

"चव्वेचाळीस घरं झाली."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"पुरतील ना?" त्यानं विचारलं.

"थोडी कमी पडतील, काका."

"मंग नेरळला कोनाची वळख हाय का तुमची? पुढल्या रविवारी मी मोकळा हाय."