साखळीत घुसलेलं वाक्य

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रार्थनेची साखळी आहे आणि ती माझ्यापासून सुरू होते. कुणी आजारी पडलं, कुणाची नोकरी गेली, की निरोप आधी माझ्या शिलाईच्या दुकानात येतो. मी तो फोनवर बेकरीवालीला सांगते, ती पुढच्याला, असं करत तो नवव्या कडीपर्यंत, म्हणजे घड्याळवाल्या आजोबांपर्यंत पोचतो. मग आजोबा मला फोन करून तो जसाच्या तसा म्हणून दाखवतात. निरोपात पदरचा एकही शब्द घालायचा नाही, हा नियम मीच केलेला. एकदा साध्या पडशाचा निरोप निघाला होता आणि आजोबांनी मला फोन करून अंत्यविधीची वेळ विचारली होती.

त्या बुधवारी दुपारी मी बेकरीवालीला फोन लावला. "एका भावाच्या हृदयाची उद्या सकाळी शस्त्रक्रिया आहे. तो वाचावा म्हणून प्रार्थना करा."

"कोण हो, काकू?"

"नाव सांगायचं नाहीये," म्हणून मी फोन ठेवला.

मंडळीत आम्ही सगळेच एकमेकांचे भाऊ-बहीण; हा भाऊ म्हणजे माझा नवरा. तीन दिवस हे दवाखान्यात होते आणि मी सगळ्यांना सांगितलं होतं, की बहिणीकडे गेलेत. हृदयाची झडप पार खराब झाली होती, डॉक्टर काही खात्री देत नव्हते. मग लपवायचं कशाला? सरळ सांगते, लाजेपायी. चौदा वर्षं मी लोकांना धीर देत आले. भीती वाटते म्हणजे विश्वास कच्चा, हे माझं ठरलेलं वाक्य. आणि आता तीच भीती मला वाटत होती. त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाला डावी बाही उजवीकडे लावली आणि वर त्यालाच झापलं, की तुम्ही सरळ उभे राहत नाही.

पाच वाजता आजोबांचा फोन आला. "एका भावाच्या हृदयाची उद्या सकाळी शस्त्रक्रिया आहे. तो वाचावा म्हणून प्रार्थना करा. आणि त्याची बायको घाबरली असेल, तिच्यासाठीही करा."

"हे शेवटचं कुठून आलं?"

"मला आलं तसं सांगितलं, पोरी. माझ्यावर कशाला डाफरतेस?"

माझं डोकंच फिरलं. मी उलट्या दिशेने फोन करत सुटले. आठवी कडी, सातवी, सहावी. जो तो मागच्याकडे बोट दाखवत होता. शेवटी बेकरीवालीच उरली.

"मीच घातलं," ती म्हणाली. तिच्यामागे भट्टीचे ट्रे आपटत होते.

"नियम माहीत नाही तुला?"

"माहीत आहे. पण काकू, मागच्या वर्षी माझा मुलगा दवाखान्यात होता, तेव्हा सगळ्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली. मी मात्र आठ दिवस बाहेर नुसती थरथरत होते. तुम्ही आलात आणि म्हणालात, घाबरतेस म्हणजे तुझा देवावर भरवसाच नाही. त्यानंतर मला देवाशी बोलायचीसुद्धा लाज वाटायला लागली. मग एकदा शुभवर्तमान वाचताना लक्षात आलं, की वधस्तंभावर जायच्या आदल्या रात्री प्रभू येशूलाही बागेत भीतीने घाम फुटला होता. आणि तसाच तो आपल्या स्वर्गातल्या बापाकडे गेला. मग आपण का नाही जायचं?"

मला तर ते बोलल्याचं आठवतही नव्हतं. तिच्या मनात ते वर्षभर सलत होतं.

"चुकलं गं माझं," मी म्हटलं. "आणि तो भाऊ म्हणजे तुझे काका आहेत."

मग तिने तिथेच, फोनवरच प्रार्थना सुरू केली आणि पहिलं वाक्य माझ्यासाठी म्हटलं. मी समोरच्या कापडात तोंड खुपसून रडले. देवाला एवढंच म्हणता आलं, मला भीती वाटते, आता तूच बघ. चौदा वर्षांत इतकी छोटी प्रार्थना मी कधी केली नव्हती, आणि इतकी खरीही.

सकाळी ह्यांना आत न्यायला माणूस आला. तीन दिवस ह्यांचे विनोद चालले होते. हृदय उघडलंत तर आत माझी बायको सापडेल, तिला जपून हात लावा, चावते, असं नर्सला बजावून झालं होतं. आता मात्र हे छताकडे बघत पडले होते.

मी त्यांचा हात धरला. "अहो, मला फार भीती वाटतेय."

त्यांनी मान वळवली. डोळे भरून आले होते.

"मलाही," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. पण तुझ्यापुढे घाबरायची सोय नव्हती गं."

न्यायला आलेला माणूस जरा बाजूला झाला. आम्ही दोघांनी डोळे मिटले आणि जे होतं ते तसंच देवाला सांगितलं. मग ह्यांनीच आपला हात सोडवून घेतला आणि त्या माणसाला म्हणाले, "चला, न्या आता."