आबांचा बेलभंडार

राधाकिशनआबांची पुण्यतिथी आली की माझं डोकं फिरतं. चौसाळ्याजवळच्या आमच्या गावातून शिकून गेलेला हा माणूस परदेशात राजदूत झाला. देशादेशांतली भांडणं त्यांनी मिटवली आणि परत येऊन आमच्याच माळावर विद्यापीठ काढलं. थोर माणूस, नाही कोण म्हणतं? पण जमीन आम्ही दिली. बहात्तरचा दुष्काळ ताजा होता, म्हणून गावाची अट एकच होती: दुष्काळ पडला की विद्यापीठाच्या विहिरीचं पाणी गावाला द्यायचं. आबांनी खंडोबाच्या देवळात बेलभंडार उचलून शब्द दिला. आपल्याच माणसाला कागद कसा मागायचा? कोणीतरी तसं सुचवलं, तर आमचे मालक आश्रुबा त्याच्याच अंगावर धावून गेले.

आता आबा नाहीत, मालक नाहीत, पाऊसही नाही. विहिरीत तेवढं पाणी होतं, पण तिच्या जाळीला कुलूप. आम्ही बाया रिकाम्या घागरी घेऊन टँकरची वाट बघायचो.

विद्यापीठ आता आबांचा पुतण्या सुंदरराव चालवतो. साखर कारखान्याचा चेअरमनही तोच. यंदा पुण्यतिथीच्या भाषणात म्हणाला, "आबांनी दिलेला शब्द कधी मोडला नाही."

मी भरसभेत उठले. "मंग कुलूप कावून हाय?"

"केशरकाकू, बेलभंडार कोर्टात चालत न्हाई. कागद हाय का?"

पाहुणे हसले. मला रडू आलं, ते नुसत्या संतापानं.

पुढे कारखान्याची निवडणूक लागली. तोच सुंदरराव आम्हा सभासदांना देवळात जमवून थाळी घेऊन उभा राहिला. थाळीत बेल आणि भंडारा.

"उचला. मतं आपल्याच पॅनलला."

मी सगळ्यांच्या आधी हात घातला. "उचलते की बाबा. कोर्टात कुठं चालतंय ह्ये?"

या वेळी कोणी हसलं नाही. मागून म्हातारा धोंडीराम म्हणाला, "आमी बी उचलतो. तुमी पाळला तसाच पाळू."

सुंदररावनं थाळी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी जाळीचं कुलूप निघालं.

गाव खूश आहे. मी नाही. मतमोजणी झाली की कुलूप परत लागणार, हे मला आजच दिसतंय. आबा, जगाचे एवढे करार लिहिलेत, आमच्यासाठी एक चिटोरं लिहिलं असतंत तर हात मोडले असते का?