आरतीचं तेवढं वाक्य

श्रावस्तीची जज म्हणून निवड झाली त्या दिवशी मी तिला कडकडून मिठी मारली, आणि घरी येऊन भाकरीचं पीठ असं काही मळलं की आई म्हणाली, "निकिता, त्या पिठानं तुझं काय घोडं मारलंय गं?"

पोटात दुखत होतं माझ्या, दुसरं काय! दोघी कळंबच्या कोर्टात वकील, एकाच टेबलावर बसणाऱ्या, एकाच खोलीत परीक्षेचा अभ्यास केलेल्या. निकाल लागला तर खुल्या गटातल्या बायकांच्या यादीत शेवटचं नाव तिचं, आणि वेटिंगवर पहिलं माझं. आरक्षणातून गेली असती तर चारचौघांसारखं नाक मुरडून मी मोकळी झाले असते. बाईनं तेवढंही सुख ठेवलं नाही. अभ्यासाच्या दिवसांत तिचे सराव पेपर मी तपासायची. लाल पेन घेऊन बसायची, एक तरी चूक घावू दे म्हणून. कधी घावली नाही. आणि तिला त्याचं काही वाटायचंही नाही, हे तर लईच डोक्यात जायचं.

आता नेमणुकीच्या आधी पोलिसांची चारित्र्य पडताळणी तेवढी राहिली होती. तिथं काही वाकडं निघालं तर तिची जागा माझी. मी रोज उठून तेच घोकत होते.

बाररूममध्ये त्याचीच चर्चा. नवरात्रात कोर्टाच्या आवारात आमची देवीची आरती असते. श्रावस्ती बौद्ध. ती यायची, मागं उभी राहायची, पण हात जोडायची नाही की टाळी वाजवायची नाही. रविवारी मात्र बेंबळीला जाऊन विहारात वंदना घेणार, पोरांना शिकवणार. आमचे सीनियर गौरीशंकरकाका पान लावता लावता म्हणाले, "जी आपल्या देवीफुडं हात जोडत न्हाय, ती देवस्थानच्या दाव्यात काय इन्साफ करनार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मी दर मंगळवारी तुळजापूरला जाते, पास व्हावं म्हणून देवीला साडीचोळी बोललेली. उद्या तू जज झालीस आणि विहाराचा दावा तुझ्यापुढं आला तर काय करशील, हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

अशात एका दुपारी पोलीस ठाण्याचे मल्लिकार्जुन जमादार माझ्या टेबलाशी येऊन बसले. टोपी काढली, घाम पुसला.

"श्रावस्ती मॅडमची पडताळणी हाय. वळखीच्या मानसांत तुमचं नाव खुद त्यांनीच दिलंय."

माझं नाव? अख्खं कोर्ट सोडून माझंच? अंगाचा नुसता तिळपापड झाला. जखम करायची ती करायची, वर मीठही माझ्याच हातानं चोळून घ्यायचं!

जमादारांनी विचारलं, मी सांगत गेले. स्वभाव चांगला. व्यसन नाही. भांडणतंटा नाही. एकेक चांगला शब्द तोंडातून काढणं जिवावर आलं होतं.

"आनि धार्मिक वगैरे? बाररूममधी कायबाय कानावर आलं."

"कट्टर आहे," मी म्हणाले. जिभेला हाड नव्हतंच. "देवीच्या आरतीला हात जोडत नाही. देवस्थानचा दावा तिच्यापुढं आला तर ती निष्पक्ष राहील असं मला वाटत नाही."

त्यांनी लिहून घेतलं. काय सांगू, इतकं गार वाटलं!

जमादार पेन तसंच धरून होते. "एखादा दाखला द्या की मॅडम. धर्म आडवा आला, तिनं आपल्या मानसांना झुकतं माप दिलं, असं कायतरी. नुसतं वाटतंय म्हनून लिवलं तर सायेब माझीच हजेरी घेतील."

बरोबर होतं त्यांचं. वकील आहे मी; नुसत्या वाटण्याला कोर्टात कुत्रं विचारत नाही. मी आठवायला लागले. आठवून आठवून एकच गोष्ट आठवली, आणि नेमकी तीच आठवायला नको होती.

"बेंबळीच्या विहाराचं कंपाऊंड बांधताना," मी म्हणाले, "भिंत शेजारच्या धुरपदाबाईच्या जागेत सरकली. विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष श्रावस्तीचे वडील, पिराजीकाका. म्हातारी आधी माझ्याकडं आली. मी म्हणलं, मावशी, कशाला त्यांच्या धर्माच्या भानगडीत पडता? श्रावस्तीला कळलं तशी ती घरी जाऊन बापाला म्हणाली, अण्णा, भिंत मागं घ्या, न्हायतर धुरपदाबाईचं वकीलपत्र मी घेते."

"मंग?"

"घेतली मागं. काका कितीतरी दिवस तिच्याशी बोलत नव्हते."

जमादारांनी पेन खाली ठेवलं. "दाखला तर उलटाच निघाला की वो." मग सहज विचारल्यासारखं, "तुमीबी परीक्षेला बसला व्हता ना?"

"बसले होते."

"कितव्या आल्या?"

खोटं सांगून निभावलं नसतं. "वेटिंगवर पहिली. ती गळाली तर मीच."

जमादारांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला आणि आरतीच्या वाक्यावर बोट ठेवलं. "हे ठिवू का काढू? तुमी सांगताल तसं."

ठेवा म्हणायला तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं. जज व्हायचं होतं मला!

"काढा," मी म्हणाले.

त्यांनी कागद फाडून खिशात घातला, नव्यानं लिहिलं, मी सही केली. ते गेल्यावर इतकी चिडले होते की चहावाल्यालाच झापलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. "जमादार येऊन गेले ना गं?"

"व्हय. पण माझं नाव कशाला दिलंस? वेटिंगवर कोण आहे, ठाऊक नव्हतं तुला?"

"ठाऊक होतं की," ती हसली. "पण बाररूममधल्या दुसऱ्या कुणाचंही नाव दिलं असतं ना निकिता, तर त्यानं आरतीचंच काढलं असतं. तू काढणार नाहीस, एवढी खात्री होती मला."

मी नुसतं "हं" म्हणलं.

इतकी वर्षं लाल पेन घेऊन बसले होते मी. तिची एक चूक शेवटी घावली, आणि ती दाखवायची सोय नाही.