लॅबमावशीचे दोन विषय

शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती एकोणीस वर्षं मदतनीस होती. मुलं तिला लॅबमावशी म्हणत. परीक्षानळ्या धुवायच्या, द्रावणं तयार करून बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, कुणाच्या बोटावर आम्ल सांडलं की त्याला नळाखाली उभं करायचं. ब्युरेटच्या नळीतून कुणी द्रावण धो धो सोडायला लागलं की ती लांबूनच ओरडायची, "अरे, थेंबाथेंबानं! झाडांना पाणी घालतोयस का?"

रसायनशास्त्राच्या बाई नवीन होत्या, वयानं तिच्याहून लहान. एकदा फळ्यावरच्या समीकरणात त्यांची चूक झाली. तास सुटल्यावर तिनं ती हळूच दाखवली. बाईंनी ती पुसून दुरुस्त केली, मग म्हणाल्या, "तुम्ही इथे नळ्या काय धुताय? कॉलेजला जा की."

तिनं ते हसण्यावारी नेलं. पण पुढच्या आठवड्यात बाईंनी फॉर्मच आणून हातात ठेवला. गावातलं नावाजलेलं कॉलेज, नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचा वर्ग, जागा मोजक्या. अट अशी की शाळेच्या गुणांबरोबर दोन विषयांच्या, कॉलेजात येणाऱ्या सगळ्यांना सारख्याच असलेल्या प्रमाणित परीक्षा द्यायच्या. एक विषय विज्ञानातला, दुसरा विज्ञानाबाहेरचा.

"मला एवढ्या वर्षांनी पण?" तिनं चौकशीच्या खिडकीत विचारलं.

"सतरा वर्षांचा असो की सत्तरीचा, अट एकच," कारकून मान वर न करता म्हणाला.

रसायनशास्त्राचं तिला काही वाटलं नाही. विज्ञानाबाहेरच्या विषयांत त्यातल्या त्यात बरा वाटला तो इतिहास, आणि त्यानंच तोंडचं पाणी पळवलं. मग अकरावीतल्या लेकीनं सूत्रं हातात घेतली. आई भांडी घासायला लागली की ही पुस्तक घेऊन ओट्याला टेकून उभी.

"तह का करावा लागला?"

"भांडून दमले असतील."

"आई! तीन कारणं आहेत."

"दमले हे पहिलं. उरलेली दोन तू सांग."

असे पाच महिने गेले. परीक्षेला तीन आठवडे उरले असताना कॉलेजनं सूचना काढली, की यंदापासून विषयांच्या परीक्षा ऐच्छिक. लेक उड्या मारतच आली. "सुटलीस! आता शाळेचे गुण आणि बाईंचं शिफारसपत्र दिलं की झालं."

ती खुर्चीवर बसली. शाळेचे गुण तिला पाठ होते. वडील अंथरुणाला खिळले होते त्या वर्षीचे, जेमतेम पास.

"ते गुण तेव्हाचे," ती म्हणाली. "आता मला काय येतं ते कुणी विचारलंच नाहीये. परीक्षेत विचारतायत, तर सांगून येते."

परीक्षेच्या दिवशी हॉलमध्ये पुढच्या बाकावरची मुलगी दचकून मागे वळली. तिच्याच शाळेची. "मावशी, तुम्ही पर्यवेक्षक?"

"नाही गं बाई. तुझ्यासारखीच, घामाघूम."

रसायनशास्त्राचा पेपर वेळेआधी संपला. इतिहासाचे चार प्रश्न कोरे राहिले.

निकाल लागला. रसायनशास्त्रात शंभरापैकी शहाण्णव, इतिहासात बावन्न. लेक म्हणाली, "फक्त रसायनशास्त्राचे पाठव. आता चालतं तसं." तिनं दोन्ही पाठवले. अर्धं झाकून आत गेलं तर शिकताना सारखी धाकधूक राहील, असं तिला वाटलं.

मुलाखतीत चष्मेवाल्या प्राध्यापकांनी नेमकं तेच काढलं. "हे बावन्न कशाला पाठवलेत? गरज नव्हती."

"पाच महिन्यांपूर्वी शून्य मिळाले असते, सर. शहाण्णव तर मला येतच होते. मेहनत या बावन्नाची आहे."

ते हसले. मग अर्धा तास दोघं द्रावणांविषयीच बोलत राहिले.

प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा ती शाळेत होती. लेकीकडून तिनं ते फोनवर दोनदा वाचून घेतलं आणि बाईंना सांगायला वर्गात गेली. बाईंनी खडू खाली ठेवला आणि भरल्या वर्गासमोर तिला घट्ट मिठी मारली. मुलांनी बाकं बडवली.

घरात अभ्यासाचं टेबल एकच आहे. त्याच्यावरून आता मायलेकींची रोज जुंपते, आणि बहुतेक वेळा लेकच जिंकते.