तांबड्याच्या पाण्याचा सूर

मी एक जुना माउथ ऑर्गन आहे. किती जुना, ते मला सांगता येणार नाही. अंगावरची चकाकी उडून आतलं पितळ दिसायला लागलंय, यावरून तुम्हीच अंदाज करा. टेंभुर्णीकडे मला सगळे बाजा म्हणतात. लग्नातला बाजा केवढा आणि मी केवढा! पण मिळालेलं नाव मी कधी नाकारलं नाही.

मित्रांनो, माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. लाकडाची एक फणी, तिला दहा भोकं, आत बारीक पितळी पट्ट्या आणि वरून दोन पत्रे, एवढाच माझा संसार. प्रत्येक भोकात दोन सूर राहतात. फुंकलं की एक बोलतो, श्वास आत ओढला की दुसरा. पण भोकं एकमेकांना खेटून आहेत. ओठ जरा सैल पडले की शेजारचेही मध्ये बोलतात आणि नुसता गलका होतो. एका वेळी एकच सूर स्वच्छ काढायचा, इथेच भलेभले नापास होतात.

सिराजोद्दीन मात्र पहिल्या नंबरात पास झाले होते. टेंभुर्णीत त्यांचं गाद्या भरायचं दुकान आहे. तरुणपणी त्यांनी मला एका उरुसात घेतलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते कापसाच्या ढिगाला टेकून मला वाजवायचे. रस्त्यावरची माणसं थबकायची, चहावाला पैसे न घेता चहा ठेवून जायचा. मी तेव्हा फार ताठ्यात होतो. पुढे कापसाच्या धुळीनं त्यांना दमा जडला आणि डॉक्टरांनी फुंकायची मनाई केली. त्यांनी मला रुमालात गुंडाळून पेटीत ठेवलं. बारा वर्षं मी सुया-दोऱ्यांच्या सोबतीनं काढली. कुणी मला फेकलं नाही, पण कुणी विचारलंही नाही. वाईट वाटायचं.

मागच्या उन्हाळ्यात पेटी उघडली. समोर तातेराव बसले होते. जवळच्याच गावचे शेतकरी, सिराजोद्दीन यांचे जुने दोस्त. महिन्यापूर्वी त्यांच्या तोंडावरून वारं गेलं होतं. उजवा गाल लोंबत होता, चहा ओठाच्या कोपऱ्यातून सदऱ्यावर सांडत होता. डॉक्टरांची औषधं चालू होती. ओठांना व्यायाम द्या, असं त्यांनी बजावलं होतं. पण तातेरावांना स्वतःच्या तोंडापेक्षा बैलाची काळजी जास्त होती.

बैलाला पाणी पाजताना धनी शीळ घालतो, हे तुमच्यापैकी खेड्यातल्या मुलांना ठाऊक असेल. शीळ चालू असेपर्यंत बैल निवांत पीत राहतो. तातेरावांच्या दावणीला दोन बैल. पांढऱ्याला शिळेचं काही नव्हतं, तो कुणी शिंकलं तरी बादली रिकामी करी. तांबड्याला मात्र दहा वर्षांची सवय. आता तातेरावांच्या ओठांतून नुसता वारा निघे, आणि तांबड्या चार घोट घेऊन मान वर करी.

"अर्ध्या बादलीतच तोंड काढून घेऊन राह्यला, सिराजभाई," तातेराव म्हणाले. त्यांचे प आणि ब निसटत होते. "पोट खपाटीला गेलं त्याचं. पोरगं म्हणतं, अवसेनंतरच्या बाजारात काढून टाकू."

"मंग तुझ्या घरवालीला, दुर्गाबाईंना, घालू दे शीळ."

"घातली की तिनं. लोकं हसतील म्हणून दार लावून. बैल दार ढकलून पळाला."

सिराजोद्दीन हसले आणि खोकले. मग मला रुमालातून काढून त्यांनी तातेरावांच्या हातात दिलं. "ये ले. ओठाला कसरत बी होईल, अन् बैलाला सूर बी मिळेल. लेकिन एकच सूर काढायचा, बराबर."

अमावस्येला पंधरा दिवस होते.

तातेरावांनी मला चुलीच्या फुंकणीसारखं फुंकलं. माझ्या पट्ट्या गुदमरल्या. मग हळू फुंकलं, तर सैल ओठातून हवा गळली आणि तीन-तीन सूर एकदम ओरडले. तांबड्यानं बादली शिंगानं उलथली. चार दिवस हेच. मला माझी लाज वाटत होती आणि त्यांची दया येत होती.

पाचव्या दिवशी दुर्गाबाईंना युक्ती सुचली. "अहो, एकच भोक पायजे ना? मंग बाकीची बुजवून टाका." त्या परातीतली कणीक घेऊन आल्या आणि चौथं भोक सोडून माझी नऊही भोकं लिंपली. तातेरावांनी फुंकलं. एकच सूर आला, स्वच्छ! तांबड्याचे कान हलले. त्यानं मान खाली घातली आणि बादली संपवली. दुर्गाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

सकाळपर्यंत कणीक वाळून दगड झाली. मुंग्यांची रांग माझ्या पोटात शिरली. चौथ्या भोकाचा सूरसुद्धा चिकटून मुका झाला. तातेराव मला घेऊन धावत टेंभुर्णीला आले.

"या अल्ला! बाजा आहे का पुरणपोळी?" सिराजोद्दीन ओरडले. त्यांनी माझे खिळे काढले, पत्रे उघडले आणि मऊ ब्रशनं पट्टी न पट्टी साफ केली. पाचव्या भोकाची पट्टी वाकली होती, ती कायमची गेली. बाकी मी वाचलो. मग त्यांनी तातेरावांना समोर बसवलं. स्वतः फुंकता येत नव्हतं, म्हणून सगळं बोलूनच शिकवलं.

"बाजा ओठाच्या टोकावर नको धरू. आत घे, ओला भाग टेकू दे. ओठ शिळेला करतो तसे गोल. उजवा कोपरा सैल आहे ना, त्याला बोटानं दाब. अन् फुंकू नको, नुसता श्वास सोड. गरम चहावर सोडतो तसा."

तातेरावांनी बोट ओठाच्या कोपऱ्यावर दाबलं. आधी दोन सूर आले. मग दीड. हसू नका, दीड सूर असतो. शेजारचा नुसता कण्हत असतो. सूर्य कलेपर्यंत ते वाजवत राहिले. घरी गेल्यावरही रोज सकाळ-संध्याकाळ त्यांचा हाच उद्योग.

अमावस्येनंतरच्या बाजाराच्या सकाळी मुलगा, कल्याण, दोर सोडायला गोठ्यात आला. तातेरावांनी बादली पुढे ठेवली, बोट कोपऱ्यावर टेकवलं आणि माझ्यात श्वास सोडला. चौथ्या भोकाचा सूर एकटा बाहेर आला. मग श्वास आत ओढला, दुसरा सूर आला, तोही एकटा. तांबड्या प्यायला लागला. एक बादली संपली, दुसरी अर्धी झाली. कल्याणनं दोराला लावलेला हात काढून घेतला.

"राहू द्या दादा," तो म्हणाला, "तिसरी बादली मी आणतो."

पोळ्याच्या सुमारास तातेरावांचा गाल जागेवर आला आणि एका सकाळी तोंडातून चक्क शीळ निघाली. सगळं घर आनंदलं. मी मात्र धसकलो. आता परत पेटी, परत सुया! लक्षणंही तशीच दिसली. त्यांनी मला धुतलेल्या रुमालात बांधलं आणि परत करायला निघण्याआधी सिराजोद्दीन यांनाच घरी बोलावलं, शीळ ऐकायला.

गोठ्यात बादली ठेवली. तातेरावांनी झकास शीळ घातली. तांबड्यानं दोन घोट घेतले, मान वर केली आणि थांबला. परत शीळ, परत तेच. पाणी गळणारं तोंड पुढे करून त्यानं तातेरावांच्या खिशातला रुमाल हुंगला.

"अरे शहाण्या! शीळ आली, तर आता तुला बाजा पायजे?" तातेराव त्याला म्हणाले.

मग ओशाळून ते रुमाल सोडू लागले. "सिराजभाई, तुमची वस्तू..."

"माझी कुठली?" सिराजोद्दीन म्हणाले. "बाजा ना तुझा, ना माझा. त्याचा आहे."

तेव्हापासून मी गोठ्याजवळच्या कोनाड्यात राहतो. मित्रांनो, तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद पेटीत पडला असेल, तर त्याला बाहेर काढा. चूळ भरून वाजवा, वाजवून झालं की तळहातावर आपटून थुंकी झटका, कोरडा करून ठेवा. नाही जमला एक सूर, तर उद्या पुन्हा बसा. कणीक मात्र पोळ्यांपुरतीच ठेवा.