जाहाची कॉफी

आमच्या करक गावात मागणं मोठं असलं की माणूस एकटा येत नाही, वडीलधाऱ्यांची जाहा, म्हणजे रदबदली करणारी मंडळी, घेऊन येतो. त्या दुपारी आमची बैठक मिशाळ पुरुषांनी भरली होती, आणि मी खुळी दाराआड उभी राहून त्या सन्मानानं फुगले होते.

शेख धैफल्लांनी कॉफीचा कप समोर ठेवून दिला. "डॉक्टर, शब्द मिळेपर्यंत घोट घेणार नाही. ते राखून ठेवलेलं इंजेक्शन माझ्या मुलाला दे."

"काका, त्याचा ताप विषाणूचा आहे. त्या औषधानं काही होणार नाही," माझा नवरा मुतसिम म्हणाला.

"दुकानातली सगळी औषधं खाऊन झाली त्याची! आता मोठंच लागणार."

"असं खाऊन खाऊनच तर बाकीची निकामी झाली. हे उरलंय ते एकाच रुग्णापुरतं. वॉर्डात एक पोर आहे, तिच्या जखमेतले जंतू दुसऱ्या कशालाच दाद देत नाहीत."

"कुणाची पोर ते सांग, त्यांच्या दारीही जाहा नेतो. मला नाही म्हणतोय कोण!"

सगळे हसले. शेखांचा ड्रायव्हर औदा याची मुलगी भाजून दवाखान्यात होती, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पण आठवलं कुणालाच नाही. मलाही नाही.

पाहुणे कॉफी न पिता उठले असते तर आम्हाला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. हो म्हण रे, एकदाचा हो म्हण, असं मी मनात घोकत होते. मुतसिमनं तोंड उघडलं. मी त्याला ओळखते, तो हो म्हणणार होता.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या औदानं आपला कप उचलला आणि सगळ्यांदेखत रिकामा केला. शेखांनी चल म्हटलं म्हणून आला होता बिचारा, कशासाठी ते न विचारता.

"डोकं फिरलं का तुझं?" शेख कडाडले. "मी प्यायलो नाही अजून!"

"मी तुमच्या जाहात नाही, शेख." औदानं रिकामा कप खाली ठेवला. "ती पोर माझी आहे."

कुणी कुणाकडे बघेना. शेख खाली मान घालून पुटपुटले, "तिलाच दे."

औदा उठला आणि मुतसिमसमोर छातीवर हात ठेवून म्हणाला, "माफ करा डॉक्टर, तुमच्या घरात माझ्याकडून रीत मोडली."

दाराआड मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.